सलाईनचं पाणी

आमच्या भागात कुणी आजारातून उठलं की भेटायला येणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती बाटल्या लागल्या?" आजार कोणता होता, हे त्यानंतर. एक बाटली म्हणजे किरकोळ दुखणं. तीन म्हणजे बऱ्यापैकी. पाच म्हटलं की विचारणारा खुर्ची पुढं ओढून बसतो. बाटली म्हणजे सलाईन. ते शिरेतून गेलं की अंगात ताकद येते, यावर शिराळ्यापासून फलटणपर्यंत कुणाचं दुमत नाही.

सलाईन म्हणजे पाणी आणि मीठ. हे मला पक्कं माहीत होतं, कारण जवळजवळ वीस वर्षं मी ते विकत होतो. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. मोटारसायकलला बॅग अडकवून आसपासच्या दोन जिल्ह्यांतल्या लहान लहान दवाखान्यांत जायचो. कित्येक ठिकाणी भिंतीत खिळा, खिळ्याला बाटली, खाली लोखंडी कॉट आणि कॉटवर नुसता दमलेला माणूस, हे चित्र मी पाहिलं आहे. ज्याला जुलाब होऊन पाणी कमी पडलंय, ज्याचा रक्तदाब खाली गेलाय, त्याचा जीव ही बाटली वाचवते. बाकीच्यांच्या अंगातून ती लघवीवाटे निघून जाते.

फलटणकडच्या एका तरुण डॉक्टरनं मला एकदा विचारलं होतं, "ऊसतोड संपली की रांग लागते. काही झालेलं नसतं, थकलेले असतात. झोपा आणि जेवा म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. मी काय करू?"

मी म्हणालो, "सर, बाटलीत जीवनसत्त्वाचं एक अँप्यूल सोडा. पाणी पिवळं होतं. पेशंटला काहीतरी दिसलं पाहिजे."

ते अँप्यूलही माझ्याच कंपनीचं होतं. पुढं तिकडं 'पिवळं सलाईन' हा शब्द रूढ झाला. तो एकट्या माझ्यामुळं झाला असं नाही, पण त्यात माझा हात होता आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग कोरोना आला. दवाखान्यांनी आमच्यासारख्यांना दार बंद केलं आणि कंपनीनं माणसं कमी केली, त्यांत मी गेलो. काही महिने घरी काढल्यावर एका ओळखीच्या डॉक्टरनं सांगितलं की मिरजेतल्या एका रुग्णालयात नव्या लशीची चाचणी सुरू होतेय आणि त्यांना गावोगाव फिरलेला, बोलता येणारा माणूस हवा आहे. मी गेलो आणि मला घेतलं. स्वयंसेवकांना चाचणी समजावून सांगायची, त्यांच्या शंका ऐकायच्या, इंजेक्शन झाल्यावर फोन करून तब्येत विचारायची, हे माझं काम.

चाचणीच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सगळं नीट शिकवलं. येणाऱ्यांतल्या काहींना लस मिळणार, काहींना लशीसारखं दिसणारं पण औषध नसलेलं पाणी. कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्याला माहीत नसणार, टोचणाऱ्याला माहीत नसणार आणि आम्हालाही माहीत नसणार. नंतर दोन्ही गटांत आजारी किती पडतात ते पाहायचं. लस खरोखर काम करते का, हे कळायला दुसरा रस्ता नाही.

कागदावर त्या पाण्याला 'निष्क्रिय द्रावण' म्हटलं होतं. लोक तिथंच अडायचे.

"निष्क्रिय म्हंजी?"

"म्हणजे त्यात औषध नसतं."

"मग टोचताय कशाला?" असं म्हणून माणूस पिशवी उचलायचा.

हे बरेच दिवस चाललं. मग एकदा एका दूध टँकरच्या ड्रायव्हरला समजावता समजावता मी सहज म्हणालो, "अहो, सलाईनचं पाणी असतं ते." त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "मग सादं सांगा की तसं. सलाईनला काय हरकत न्हाई." त्यानं सही केली.

मी खोटं बोललो नव्हतो. त्या सिरिंजमध्ये खरोखरच सलाईन असायचं. पुढं मी प्रत्येकाला तसंच सांगू लागलो. उठून जाणारे बसू लागले. मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांना गावची भाषा येते, बघा." मला बरं वाटलं. सलाईन या शब्दाला गावात काय वजन आहे, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मॅडम पुण्यात शिकलेल्या, बाकीची मुलं मुंबईची नाहीतर नागपूरची. माहीत होतं ते मला, आणि मी गप्प होतो.

त्याच दिवसांत मेजर आले. ते हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्याकडं फौजेतून परतलेला कुणीही मेजरच असतो. शिराळ्याच्या अलीकडं त्यांचं गाव. थोडा ऊस, तीन म्हशी आणि दारातच दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन यायचं. रुग्णालयात आले तेव्हा मास्क असा घट्ट बांधलेला की बोलताना त्यांचे फक्त कान हलायचे.

मी सगळं समजावून झाल्यावर विचारलं, "काही शंका?"

"एकच. हे घेतल्यावर घरात झोपता येतंय का?"

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. घरी दोघंच, मुलगा लष्करात, पार ईशान्येला. बायकोला जुना दमा. कोरोना आल्यापासून, दुधाच्या निमित्तानं आपल्याकडं शंभर माणसं येतात म्हणून ते गोठ्यात झोपत होते. त्यांची बायको, म्हणजे काकी, ताट जोत्यावर ठेवून मागं सरायच्या. हे जेवून ताट स्वतः घासायचे आणि उन्हात पालथं घालायचे.

"सरहद्दीवर हुतो तवा वरसातनं एकदा गाठ पडायची," मेजर म्हणाले. "आता पंधरा हातांवर हाय, तर तीबी न्हाई. म्हशीच्या शेजारी झोपून म्हैसच झालोय गड्या."

मी म्हणालो, "खात्री देता येणार नाही. तुम्हाला लस मिळेल किंवा सलाईनचं पाणी. काय मिळालं ते कळणार नाही."

"आस्सं," ते म्हणाले. सही केली. सहीखाली नीट रेघ ओढली.

दुसरा डोस झाल्यावर नियमाप्रमाणं मी फोन केला. ताप? नाही. हात दुखतो? नाही.

"आवं, काय सांगू, लय हलकं वाटतंय. घरात आलोय झोपायला."

मी म्हणालो, "मेजर, पण तुम्हाला लस मिळाली की दुसरं, ते अजून..."

"लस आसली तर उत्तमच. न्हाईतर सलाईन हायच की! ताकद तर आलीच ना अंगात? दोन्हीकडनं आमचाच फायदा."

मागून काकींचा आवाज आला, "आवं, इचारा त्येस्नी, पिवळं हुतं का पांढरं?"

दोघं हसले. मीही हसलो. मग मी म्हणालो, "बरं. तरी जपून राहा." आणि फोन ठेवला.

त्या वेळी समोरच्या टेबलापाशी मॅडम होत्या. बाहेर बाकावर सहा-सात माणसं सहीसाठी बसली होती. त्यातल्या प्रत्येकाला मी सलाईनचंच सांगणार होतो. मेजरना तिथल्या तिथं सांगितलं असतं तर बाकावरच्यांनाही सांगावं लागलं असतं, आणि आधी सही केलेल्या सगळ्यांना. मी हा हिशोब त्या एका क्षणात केला, म्हणजे मला काही कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. फोन ठेवून मी बाहेर गेलो आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आठवडा गेला. रोज संध्याकाळी मिरजेहून सांगलीला परतताना मी ठरवायचो की उद्या फोन करू. उद्या दुसरं काम निघायचं. मग मनात यायचं, फोनवर नको, समक्ष सांगू. समक्ष जायला रविवार हवा. पहिल्या रविवारी पाहुणे आले. त्यांना मीच बोलावलं होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो. पेठ नाक्यापासून पुढं उसाच्या ट्रॉलीच्या मागं मागं. हंगाम संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. मेजरांच्या ओसरीवर दोघं एकाच घोंगड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मधे एक परात, दोघांचे हात त्यातच. मला पाहून काकी चहाला उठल्या. मी अंगणातच उभा राहिलो. म्हणालो, "काकी, चहा नको. बसा. एक सांगायचंय."

मी सांगितलं. सलाईन म्हणजे मीठ आणि पाणी. त्यात ताकद नसते. इंजेक्शनातलं ते तर चमचाभरसुद्धा नसतं. तुम्हाला ते मिळालं असेल तर काहीही मिळालेलं नाही. मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

आधी काकींनीच तोंड उघडलं.

"म्हंजी गेल्या दिवाळीत मला चार बाटल्या लावल्या, ते मिठाचं पानी?"

"हो."

"आन् पिवळी?"

"पिवळीतही तेच. रंग जीवनसत्त्वाचा."

"आगं बाई!" त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "म्या घरात मीठ-पानी घेटलं आस्तं की! आन् हे माझं उशाला बसून थेंब मोजत हुतं, एक थेंब वाया जाऊ देत नव्हतं!"

मेजर हसले नाहीत. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले, फोलपट बाजूला ठेवलं.

"साहेब," ते म्हणाले, "आमच्यात सरावाला ब्लँक देत्यात. म्हाईत हाय का? काडतूस खऱ्यासारखंच. आवाज हुतो, धूर निघतो. गोळी नसती."

"हो. तसंच."

"मग ब्लँक म्हणायचं ना! ब्लँक म्हटलं आसतं तर मला एका शब्दात कळलं आसतं. ब्लँक भरून कुणी चौकीवर उभं राहतं व्हय?"

मी म्हणालो, "मला माहीत होतं मेजर. तुम्ही सलाईनला काय समजता ते मला माहीत होतं. फोनवर तुम्ही बोललात तेव्हाही कळलं होतं."

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. ते उठले, आत गेले, उशी आणि पांघरूण घेऊन आले आणि माझ्या शेजारून गोठ्याकडं चालू लागले.

"आवं, च्या तरी पिऊन जावा," काकी म्हणाल्या.

"तिकडं आणून ठिव. जोत्यावर."

काकी परातीकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "दादा, तुमी चांगलं सांगाया आला का वाईट, मला कळंना."

सोमवारी सकाळी मी मॅडमना सगळं सांगितलं, पिवळ्या बाटल्यांपासून. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं ते चुकीचं नव्हतं. त्यांना कळलं ते चुकीचं होतं. आणि आपल्याला हवी असते ती संमती, सही नव्हे." मग म्हणाल्या, "तुम्ही बाहेरचे असता तर मी याला गैरसमज म्हटलं असतं."

हे वाक्य त्यांनी रागानं म्हटलं नाही. म्हणूनच ते माझ्या अजून लक्षात आहे.

त्यांनी नैतिकता समितीला कळवलं. ज्यांना मी समजावलं होतं त्या सगळ्यांना पुन्हा बोलवायचं किंवा फोन करायचा, नव्यानं सांगायचं, राहायचं की नाही ते विचारायचं, असं ठरलं. मला काढलं नाही, पण माझ्या शेजारी दुसरा माणूस बसायला लागला. मी सांगायचो, तो ऐकायचा आणि शेवटी समोरच्याला विचारायचा, "आता तुम्ही सांगा, तुम्हाला काय समजलं?" हा प्रश्न मी आधी कधीच विचारला नव्हता. तो साधा प्रश्न मी विचारला असता तर पहिल्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं.

मी आता 'ब्लँक' म्हणू लागलो. आमच्याकडं घराआड एक तरी फौजेत आहे, त्यामुळं तो शब्द लगेच पोचायचा. बायकांनाही. काहींनी नाव काढून घेतलं. तो टँकरवाला मात्र चिडला, "आमाला येडं समजलासा व्हय?" आणि तरीही राहिला. एक म्हातारी म्हणाली, "मिठाचं तर मिठाचं. कुनीतरी घ्याया पायजे ना, त्याबिगर कळायचं कसं?" मी वीस-वीस मिनिटं बोलून जे सांगू शकत नव्हतो ते तिला आधीच समजलं होतं.

मी मेजरांकडं जाऊन आलो त्याच आठवड्याच्या शेवटी त्यांचा फोन आला. "हिला ताप हाय. दम लागतोय."

दुसरी लाट तेव्हा नुकतीच वर चढत होती. अजून खाटा मिळत होत्या. काकींना मिरजेत आणलं, ऑक्सिजनवर ठेवलं. नियमाप्रमाणं मेजरांची तपासणी केली. त्यांनाही संसर्ग झाला होता, फक्त घसा खवखवत होता इतकंच. मी मनात दिवस मोजत होतो. ते घरात झोपायला गेले तेव्हापासून मी अंगणात जाऊन उभा राहिलो तोपर्यंतचे दिवस. माझ्या पाहुण्यांचा रविवार त्यातच होता.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुणाकडून कुणाला, हे सांगता येणार नाही. दुधाला सगळं गाव येतं. ताट ठेवताना होऊ शकतो, घरात झोपल्यामुळंही होऊ शकतो. तुम्हाला हवं ते उत्तर माझ्याकडं नाही."

मी म्हणालो, "मला कोणतं हवंय?"

"ते तुम्ही बघा."

काकी बऱ्याच दिवसांनी घरी आल्या. दम्यात भर पडली. म्हशीची धार काढताना आता त्यांना मधे थांबावं लागतं. त्यांना रुग्णालयातून सोडलं तेव्हा दारात मेजर हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उभे होते. मी जवळ गेलो. म्हणालो, "माझ्यामुळं झालं."

"तुमी आत ढकललं न्हाई," मेजर म्हणाले. "उंबरा मीच वलांडला."

व्हीलचेअरमधून काकी दम खात खात म्हणाल्या, "आरं, मला कुनी इचारलं का? सलाईन मिळालंय, आता या घरात, आसं मीच म्हटलं. मला एकटीला भ्या वाटत हुतं." मग थांबून, "तुमी दोगं काय वाटून घेताय? चला, ऊन झालंय."

त्यांनी ते चांगुलपणानं म्हटलं. मी ते माझ्या बाजूनं वापरू शकत नाही. त्या 'सलाईन' म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांना मी दिला होता.

पुढं सरकारी लसीकरण त्यांच्या वयाच्या लोकांना खुलं झालं. तेव्हा चाचणीतल्या अशा लोकांना हवं असेल तर काय मिळालंय ते सांगायचं ठरलं, म्हणजे ज्यांना पाणी मिळालं होतं त्यांना लस घेता यावी. मेजरांनी विचारलं. मॅडमनी बंद लिफाफ्यातली माहिती मागवली आणि मला म्हणाल्या, "तुम्हीच कळवा."

मेजरांना लस मिळाली होती.

मी खुर्चीत बसलो आणि मला अक्षरशः हलकं वाटलं. खऱ्या लशीनंतरच ते घरात गेले होते. मग माझं काय चुकलं? लस घेतलेल्यालाही संसर्ग होतो आणि तो दुसऱ्याला देऊ शकतो, हे मला माहीत होतं, पण त्या घडीला ते आठवलं नाही. मी फोन उचलला, आनंदानं सांगितलं. मेजर म्हणाले, "बरं झालं." एवढंच.

फोन ठेवल्यावर मात्र मला त्या हलकेपणाची लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. ज्या दिवशी मी "जपून राहा" म्हणून फोन ठेवला, त्या दिवशी मला कुठं माहीत होतं त्यांच्या दंडात काय गेलंय? लिफाफ्यात दुसरा शब्द निघाला असता तरी मी त्या दिवशी तेच केलं असतं. मी त्या माणसाला आणि त्याच्या बायकोला ब्लँकवर सोडलं होतं. काडतूस खरं निघालं हे माझं कर्तृत्व नाही. ही चाचणी टोचणाऱ्यालाही आंधळं ठेवते, पण शब्द वापरताना माझे डोळे उघडे होते.

चाचणीचं माझं काम संपलं. आता मी सांगलीत एका औषधाच्या घाऊक दुकानात असतो. मेजरांशी सणावारी बोलणं होतं. त्यांनी मला पुन्हा घरी बोलावलं नव्हतं आणि मीही गेलो नव्हतो.

परवाच्या उन्हाळ्यात भर दुपारी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला.

"साहेब, हिला काल रातीपास्नं जुलाब-उलट्या. गावातल्या डॉक्टरकडं आणलंय. डॉक्टर म्हणतोय सलाईन लावतो. ही हात पुढं करंना. ब्लँक नको म्हणती."

मागं डॉक्टरांचा आवाज. ते माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी फोन ओढून घेतला. "अहो, काय करून ठेवलंय तुम्ही? निम्मं गाव आता सलाईनला ब्लँक म्हणतंय. विकलंत तुम्ही आणि नाव बुडवलंत तुम्हीच. बाईंचं बीपी लागत नाहीये, आणि शहरात न्यायला वेळ नाही."

मी दुकानाच्या पायरीवर आलो. म्हणालो, "काकींना द्या."

फोनमध्ये आधी नुसता श्वास. मग बारीक आवाज. "दादा."

"काकी, हात पुढं करा. लावून घ्या."

"मिठाचं पानीच ना ते?"

"मिठाचं पाणीच. पण तुमच्या अंगातलं मीठ आणि पाणीच गेलंय. उलटीमुळं तोंडानं टिकत नाही. जे गेलंय तेच परत घालायचंय. या दुखण्याला तेच औषध आहे."

"तवा म्हनला, ताकद न्हाई त्यात."

"तेव्हा नव्हती. तुम्हाला तेव्हा त्याची गरज नव्हती. आज आहे."

मेजर काहीतरी म्हणाले, त्या त्यांना गप्प बसा म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "ह्या बारीला खरं सांगतायसा?"

"खरं सांगतोय."

"तुमच्या मुलांची आण?"

मी शपथा घेत नाही. घेतली. 

"मला काय समजलं ते सांगू?" त्या म्हणाल्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाचा तो प्रश्न मी पुढं त्यांनाही फोनवर विचारला होता. त्यांनी तो लक्षात ठेवला होता. "पानी ग्येलं, पानी घालायचं. ताकद बिकद काय न्हाई."

"बरोबर."

"आन् पिवळं न्हाई."

"पिवळं अजिबात नाही. मी डॉक्टरांना सांगतो."

"मीच सांगते," त्या म्हणाल्या, आणि फोन बहुतेक उशाशी पडला. डॉक्टर मनगटावर टिचक्या मारत शीर शोधत होते ते ऐकू येत होतं. एकदा चुकली. काकी म्हणाल्या, "हळू रं बाबा." दुकानातून मालक हाक मारत होते. मी फोन कानाला लावून तसाच पायरीवर उभा राहिलो.

शेवटी मेजरांनी फोन उचलला.

"लागलं," ते म्हणाले. "थेंब पडाया लागलं."